काम सोडलं की काढलं? वाळूजच्या एका प्रेस ऑपरेटरचं प्रकरण

वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी गेलेला कामगार आमच्याकडे येतो तेव्हा बहुतेक वेळा एकच वाक्य बोलतो: "मॅडम, गेट बंद केलं." त्याच्या दृष्टीने त्यात सगळं आलं. कोर्टात मात्र पहिला प्रश्न येतो, कसं बंद केलं? गैरवर्तनाबद्दल बडतर्फ केलं, साधी सेवामुक्ती दिली, काम नाही म्हणून कपात केली, राजीनामा लिहून घेतला, की मुदतीचं कंत्राट संपलं आणि पुन्हा बोलावलंच नाही? यातल्या प्रत्येक प्रकारात मालकाने आधी काय करायला हवं ते कायद्याने वेगवेगळं ठरवलंय. कामगाराचे हक्कही त्याप्रमाणे बदलतात. म्हणून कंपनीने कागदावर कुठला शब्द लिहिला आणि प्रत्यक्षात काय केलं, हे तपासण्यातच अशा प्रकरणातलं निम्मं काम होतं.

खालच्या प्रकरणात कंपनीने एकाच कामगाराच्या जाण्याला चार कागदांवर चार वेगळी नावं दिली. मी कामगारांच्या बाजूने वकिली करते आणि हे प्रकरण आमच्या ऑफिसने चालवलं. माणसांची आणि कंपनीची नावं दिलेली नाहीत, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. कामगाराला आपण मामा म्हणू. लाइनवरची पोरं त्यांना तेच म्हणायची.

माणूस आणि कारखाना

मामा गेवराई तालुक्यातले. दोन भावांत मिळून थोडी कोरडवाहू जमीन, कापूस आणि तूर. पाऊस दगा देत गेला तसे ते औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला आले आणि रांजणगाव शेणपुंजीत खोली करून राहिले. कारखाना गाड्यांचे पत्र्याचे सुटे भाग काढणारा. मामा पत्रा दाबून आकार देणाऱ्या पॉवर प्रेसवर. पटावर परमनंट कामगार ऐंशीच्या आसपास, बाकी ठेकेदाराची माणसं आणि ट्रेनी मुलं. मामांची नोकरी ११ वर्षं ४ महिने झाली होती. एकूण पगार १७,५०० रुपये, त्यात मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून १३,०००. ईएसआयची, म्हणजे कर्मचारी राज्य विम्याची, वर्गणी दर महिन्याला पगारातून कापली जात होती. अकरा वर्षांत उशिरा येण्याबद्दल दोन मेमो होते, बाकी पाटी कोरी.

हे आकडे मुद्दाम देतेय. पुढे प्रत्येक हक्काची रक्कम यांच्यावरूनच निघते, आणि आपला 'बेसिक' किती हे विचारल्यावर अडखळणारे कामगार मला रोज भेटतात.

काय घडलं

२०१८ च्या उन्हाळ्यात मामांची कंबर गेली. पत्र्याच्या तुकड्यांनी भरलेला बिन सरकवताना कळ आली ती डाव्या पायात उतरली. ईएसआयच्या डॉक्टरांनी विश्रांती लिहून दिली आणि दर खेपेला मुदत वाढवत एकूण पाच आठवडे घरी राहायला सांगितलं.

पहिलं सर्टिफिकेट घेऊन मामी टाइम ऑफिसला गेल्या. शेजारच्या खोलीत राहणाऱ्या एका युनियनच्या माणसाने त्यांना बजावलं होतं, "मूळ कागद द्या, पण झेरॉक्सवर शिक्का घेतल्याबिगर हलू नका." मामी शिक्का घेऊनच आल्या. दुसरं सर्टिफिकेट मामांनी सुपरवायझरला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं, त्याचं 'ओके' आलं. तिसऱ्याच्या वेळी गेटवरच्या वॉचमनने "ठेवून जा" एवढंच म्हटलं, शिक्का दिला नाही.

इकडे कंपनीकडून 'ताबडतोब कामावर हजर व्हा' अशी दोन रजिस्टर पत्रं सुटली. दोन्ही गेवराईकडच्या गावाच्या पत्त्यावर, जो मामांनी भरतीच्या फॉर्मवर लिहिला होता. पगाराच्या स्लिपवर आणि ईएसआयच्या नोंदीत रांजणगावचा पत्ता होता, तिथे काहीच आलं नाही. पत्रं परत गेली. चौथ्या आठवड्यात तिसरं पत्र निघालं: मंजुरीशिवाय आठ दिवसांहून जास्त गैरहजर राहिल्याने आपण स्वतःहून नोकरी सोडली असं समजून आपलं नाव पटावरून कमी केलं आहे.

हे पत्र मामांना मिळालंच नाही. डॉक्टरांचं फिट सर्टिफिकेट घेऊन ते सकाळच्या शिफ्टला गेले तेव्हा वॉचमनने यादी दाखवली, यादीत त्यांचं नाव नव्हतं. आत त्यांच्या प्रेसवर दोन ट्रेनी मुलं उभी होती. तासाभराने एचआरच्या केबिनमध्ये बोलावणं आलं. टेबलावर इंग्रजीत टाइप केलेला राजीनामा होता, 'वैयक्तिक कारणास्तव', तारखेची जागा रिकामी. सही केली तर सगळा हिशेब मिळून साठ हजार रुपये. "तुमचं वय झालंय मामा, कंबरेने प्रेसचं काम व्हायचं नाही, चांगल्या मनाने देतोय."

मामा म्हणाले, घरी विचारून सांगतो. आणि सही न करता उठले. या सगळ्या प्रकरणात कामगाराच्या हातून झालेली सगळ्यात मोलाची गोष्ट हीच.

त्या साठ हजारांचा हिशेब पाहा. पाच वर्षं सलग नोकरी झाली की ग्रॅच्युइटीचा हक्क तयार होतो. शेवटचं मूळ वेतन आणि महागाई भत्ता भागिले २६, गुणिले १५, गुणिले पूर्ण झालेली वर्षं. मामांचे १३,००० भागिले २६ म्हणजे ५००, त्याचे १५ दिवसांचे ७,५००, अकरा वर्षांचे ८२,५००. म्हणजे नुसता राजीनामा दिला असता तरी जे त्यांचंच होतं, त्यापेक्षा साडेबावीस हजार कमी देऊन त्यांच्याकडून राजीनामा घ्यायचा होता. वर 'चांगल्या मनाने'. मला या वाक्याची आजही चीड येते.

सही न करता आल्यावर मामांनी पुढे काही केलं नाही. साहेब बोलावतील या आशेवर थांबले, मग पेरणीला गावी गेले. पीएफच्या खात्यात नोकरी सोडल्याची तारीख पडल्याचा मेसेज आला तेव्हा त्यांना खरं वाटलं. आमच्याकडे आले ते चौथ्या महिन्यात.

चार कागद, चार नावं

पहिलं नाव कंपनीच्या पत्रात होतं: 'स्वतःहून काम सोडलं'. बऱ्याच कंपन्यांच्या स्थायी आदेशात, म्हणजे रजा आणि शिस्तीच्या नियमांत, असं कलम असतं की रजा संपूनही आठ दिवसांत हजर झाला नाही तर कामगाराचा नोकरीवरचा हक्क जातो. एचआरवाल्यांचा समज असा की आठ दिवस भरले की नाव आपोआप गळतं. तसं नाही. १९९३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जे. एम. ए. इंडस्ट्रीजच्या प्रकरणात हा प्रश्न निकाली काढला. तिथेही आठ दिवसांचं कलम लावून कामगाराचं नाव कमी केलं होतं आणि कामगाराचं म्हणणं होतं की मला गेटवरच अडवलं. न्यायालयाने सांगितलं, स्थायी आदेशात काहीही लिहिलं असो, माणसाच्या पोटावर पाय देण्याआधी त्याचं म्हणणं ऐकावंच लागेल. चौकशी न करता नाव कमी करणं नैसर्गिक न्यायाच्या विरुद्ध आहे. त्या कामगाराला निम्म्या थकीत (म्हणजे कामाबाहेर ठेवलेल्या काळाच्या) पगारासह कामावर घ्यायला लावलं. शिवाय काम सोडणं हा हेतूचा प्रश्न असतो. जो माणूस दर खेपेला आजारपणाचं सर्टिफिकेट पोचवतोय त्याचा हेतू काम सोडण्याचा होता असं म्हणायला जागाच राहत नाही.

दुसरं नाव राजीनाम्याचं. त्यावर सहीच नव्हती, पण दोन्ही बाजूंत तडजोड घडवू पाहणाऱ्या सरकारी समेट अधिकाऱ्यांसमोर कंपनीने लेखी म्हटलं की कामगाराने तोंडी राजीनाम्याची इच्छा दाखवली होती. सही नसल्याने ते टिकलं नाही. सही झाली असती तर ती दबावाखाली घेतली हे सिद्ध करण्याचं ओझं मामांवर आलं असतं, आणि बंद केबिनमध्ये झालेली गोष्ट सिद्ध करणं फार कठीण असतं. ज्यांच्याकडून अशी सही गेली आहे त्यांनी त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी, 'माझ्याकडून सही करून घेतली, मी राजीनामा मागे घेतो' असं रजिस्टर पोस्टाने आणि ईमेलने कळवावं, प्रत कामगार आयुक्त कार्यालयाला द्यावी. राजीनामा मंजूर होण्याआधी मागे घेतला तर बोलायला जागा राहते. महिन्याने आठवलं तर कोर्टही विचारतं, इतके दिवस कुठे होतात?

तिसरं नाव आलं कंपनीच्या दुसऱ्या उत्तरात: 'विनापरवाना गैरहजेरी हे गैरवर्तन आहे आणि कामगाराचा पूर्वेतिहास चांगला नाही'. पूर्वेतिहास म्हणजे तेच दोन मेमो. गैरवर्तनाबद्दलची बडतर्फी ही शिक्षा आहे, आणि शिक्षेला रीत आहे. आधी आरोपपत्र, कशाबद्दल, कुठल्या तारखांबद्दल. मग कामगाराचं लेखी उत्तर. मग चौकशी, जिथे कंपनीचे साक्षीदार त्याच्यासमोर बोलतात आणि त्याला उलट प्रश्न विचारता येतात, सोबत सहकारी किंवा युनियनचा प्रतिनिधी घेता येतो. मग चौकशीचा अहवाल, त्यावर त्याचं म्हणणं, आणि शेवटी आदेश. चौकशी चालू असताना निलंबित केलं तर निर्वाह भत्ता द्यावा लागतो, पहिले ९० दिवस निम्मा पगार, पुढे कामगारामुळे उशीर झालेला नसेल तर ७५ टक्के. आणि एवढं सगळं नीट होऊनही शिक्षा गुन्ह्याच्या मानाने फार असेल तर औद्योगिक विवाद कायदा, १९४७ च्या कलम ११अ खाली कामगार न्यायालय ती कमी करू शकत होतं. मामांच्या फाइलमध्ये यातला एकही कागद नव्हता. आरोपपत्रही नाही.

चौथं नाव कोर्टातल्या कैफियतीत, म्हणजे कंपनीच्या लेखी उत्तरात, 'पर्यायी बचाव' म्हणून: ऑर्डरी घटल्या, प्रेस शॉपमधलं मनुष्यबळ जास्त झालं. म्हणजे कपात. इथे कंपनीने स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतला. याच औद्योगिक विवाद कायद्यात कपातीची व्याख्या फार रुंद होती: शिक्षा म्हणून नसेल तर कुठल्याही कारणाने कामावरून कमी करणं म्हणजे कपात. स्वेच्छानिवृत्ती, वयोमानाने निवृत्ती, मुदतीचं कंत्राट संपणं आणि सततच्या आजारपणामुळे कमी करणं एवढेच अपवाद. बारा महिन्यांत २४० दिवस काम भरलेल्या कामगाराची कपात करायची तर कलम २५फ प्रमाणे एक महिन्याची लेखी, कारण सांगणारी नोटीस किंवा तिच्याऐवजी महिन्याचा पगार, दर पूर्ण वर्षाला पंधरा दिवसांच्या सरासरी पगाराप्रमाणे भरपाई, आणि सरकारला सूचना. भरपाई कामावरून कमी करतानाच हातात पडायला हवी, 'नंतर घेऊन जा' चालत नाही. मामांचे अकरा वर्षांचे १६५ दिवस, म्हणजे सुमारे ९६ हजार, नोटिशीचे १७,५००, आणि ग्रॅच्युइटी वेगळी. त्यांना एक रुपया दिला नव्हता. शिवाय कपातीत शेवटी आलेला आधी जातो. इथे अकरा वर्षांचा ऑपरेटर बाहेर आणि त्याच्या मशीनवर काल आलेली ट्रेनी मुलं. मनुष्यबळ जास्त झालं असेल तर ती मुलं कशाला होती, याचं उत्तर कंपनीकडे नव्हतं.

सततच्या आजारपणाचा अपवाद कंपनीने युक्तिवादात काढून पाहिला. ईएसआयच्याच डॉक्टरांनी दिलेलं फिट सर्टिफिकेट समोर ठेवल्यावर तो तिथेच संपला.

पण माझ्या मते या प्रकरणातलं सगळ्यात भक्कम कलम या चार नावांच्या पलीकडचं होतं, आणि ते कंपनीने कधी वाचलंच नसावं. कर्मचारी राज्य विमा कायदा, १९४८ चं कलम ७३. कामगार आजारपणाचा लाभ घेत असताना, किंवा रीतसर प्रमाणित आजारामुळे गैरहजर असताना मालक त्याला बडतर्फ करू शकत नव्हता, कमी करू शकत नव्हता, दुसरी शिक्षाही देऊ शकत नव्हता. त्या काळात दिलेली कामावरून काढण्याची नोटीसच निष्फळ. मामांचं नाव कमी केल्याची तारीख आजारपणाच्या मुदतीच्या बरोब्बर आत पडत होती.

कुठे दाद मागायची

महाराष्ट्रात तेव्हा दोन वाटा होत्या. एक, १९७१ चा अनुचित कामगार प्रथांचा कायदा. सूडबुद्धीने, खोट्या कारणाने, अवाजवी घाईने काढलं तर त्याखाली थेट कामगार न्यायालयात तक्रार करता येते आणि अंतरिम आदेशही मागता येतो. पण मुदत ९० दिवस. मामांचे ९० दिवस उलटून गेले होते. सबळ कारण दाखवून उशीर माफ करून घेता येतो, पण 'साहेब बोलावतील म्हणून थांबलो' हे कारण कितपत चालेल याची मला खात्री नव्हती. आणि एका कायद्याखाली गेलो की त्याच गोष्टीसाठी दुसऱ्याखाली जाता येत नाही.

म्हणून दुसरी वाट धरली, औद्योगिक विवाद कायद्याचं कलम २अ. आधी कंपनीला मागणीपत्र: सेवेच्या सातत्यासह (म्हणजे मधला काळही नोकरीत धरून) आणि पूर्ण थकीत पगारासह कामावर घ्या. मग उपकामगार आयुक्त कार्यालयात समेटाचा अर्ज. समेट ४५ दिवसांत झाला नाही तर २०१० च्या दुरुस्तीनंतर कामगार एकटा थेट कामगार न्यायालयात जाऊ शकत होता, काढल्यापासून तीन वर्षांच्या आत. युनियन पाठीशी असलीच पाहिजे असंही नाही. समेटाच्या तीन तारखा झाल्या, कंपनीचा माणूस दोनदा आला. तिथे काही जुळलं नाही, पण कंपनीची दोन लेखी उत्तरं हातात आली आणि पुढे तीच सगळ्यात जास्त उपयोगी पडली. समेटाच्या टप्प्याला वेळकाढूपणा म्हणून हसणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

त्याच आठवड्यात त्याच गेटवर आणखी दोघांना थांबवलं होतं. एक ठेकेदाराचा मुलगा, जालन्याकडचा, दीड वर्ष काम केलेला. त्याला दर सात महिन्यांनी 'ब्रेक' दिलेला, हजेरी ठेकेदाराच्या रजिस्टरला. मूळ कंपनीनेच आपल्याला कायम करावं असा दावा तो करू शकला असता, पण ठेका नावापुरता आहे हे दाखवायला कागद नव्हते. त्याचा अडकलेला दोन महिन्यांचा पगार मात्र निघाला, कारण ठेकेदाराने पगार बुडवला तर तो देण्याची जबाबदारी मूळ कंपनीवर येते. दुसरा शिफ्ट सुपरवायझर. पगार तीस हजारांच्या वर, रजा मंजूर करण्याचे, मुलांची कामं वाटण्याचे अधिकार. पर्यवेक्षकाला दहा हजारांच्या वर पगार असेल तर तो तेव्हाच्या कायद्यात कामगार धरला जात नव्हता. त्याचा आधार फक्त नेमणूकपत्र: त्यात लिहिलेली नोटीस, ग्रॅच्युइटी, राहिलेला पगार. परत कामावर घ्या असा आदेश त्याला कामगार न्यायालयातून मिळण्यासारखा नव्हता. एकाच गेटवर एकाच आठवड्यात अडवलेले तिघं, आणि तिघांचे हक्क तीन वेगळे.

कोर्टात

कंपनीने गैरहजेरीचं गैरवर्तन कोर्टातच सिद्ध करू द्या अशी परवानगी मागितली. मालकाला तो हक्क असतो. म्हणून एचआर मॅनेजर साक्षीला आले. सरतपासणीत, म्हणजे कंपनीच्याच वकिलाच्या प्रश्नांना उत्तर देताना, त्यांनी शपथेवर सांगितलं की आजारपणाबद्दल कंपनीला काहीही कळवलेलं नव्हतं.

उलटतपासणीत मी त्यांच्यापुढे मामींनी आणलेली झेरॉक्स ठेवली. खाली उजव्या कोपऱ्यात जांभळा गोल शिक्का, मध्ये तारीख, बाजूला बारीक सही. शिक्का कंपनीचा आहे का? आहे. टाइम ऑफिसचा? असू शकेल. त्या दिवशीचं आवक रजिस्टर आणलंय का? आणलेलं नाही. पुढच्या तारखेला रजिस्टर आलं, आणि त्यात सतरा नंबरला मामांचं नाव, पुढे 'मेडिकल'.

दुसरा कागद मामांचं बँकेचं पासबुक. ईएसआयने आजारपणाचा लाभ, पगाराच्या ७० टक्क्यांप्रमाणे, खात्यावर जमा केला होता आणि त्यात नाव कमी केल्याची तारीखही येत होती. तिसरा कागद आम्ही ईएसआयच्या शाखेतून मागवला. आजारपणाचा लाभ देताना ईएसआय मालकाकडून खात्री करून घेते की त्या दिवसांत कामगार खरंच कामावर नव्हता. ती खात्री याच कंपनीने, याच एचआर विभागाच्या सहीने दिली होती. एकीकडे ईएसआयला लिहून द्यायचं की माणूस रजेवर आहे, आणि दुसरीकडे त्याला लिहायचं की तू न सांगता पळालास. मॅनेजरना विचारलं, हे दोन्ही खरं कसं? ते गप्प राहिले आणि न्यायाधीशांनी तशी नोंद घेतली.

थकीत पगाराचा मुद्दा सोपा नव्हता. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आपल्याच शहरातल्या एका शिक्षिकेच्या प्रकरणात, उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने रद्द केलेला थकीत पगार परत देताना, नियम घालून दिला: बेकायदा काढलेल्या कर्मचाऱ्याला पूर्ण थकीत पगार हा सर्वसाधारण नियम. कर्मचाऱ्याने शपथेवर सांगायचं की त्या काळात मला दुसरीकडे तशी नोकरी नव्हती. मग होती हे दाखवण्याची जबाबदारी मालकाची. मामांनी मधल्या काळात एका सोसायटीत रात्रपाळीचा वॉचमन म्हणून काम केलं होतं, आठ हजारांवर. घरचे म्हणत होते सांगू नका. आम्ही शपथपत्रात ते महिन्यांसकट लिहिलं. कंपनीने त्याच सोसायटीचा सेक्रेटरी साक्षीला बोलावण्याची तयारी केली होती. मामांनी आधीच कबूल केल्याने तो साक्षीदार आलाच नाही, आणि बाकी सगळ्या साक्षीवरचा विश्वास टिकला.

मध्ये मार्च २०२० नंतरची टाळेबंदी आली, तारखा पुढे पुढे गेल्या. निकाल २०२२ मध्ये लागला: काढणं बेकायदा, सेवेच्या सातत्यासह कामावर घ्या, निम्मा थकीत पगार द्या. न्यायालयाने नाव कमी करण्याला कपातच मानलं, २५फ च्या अटी पाळल्या नाहीत म्हणून ती रद्द, आणि कलम ७३ चा भंग वेगळा नोंदवला.

कंपनी उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात गेली. बरेच कामगार इथे हार मानतात, कारण आणखी किती वर्षं, हे कोणी सांगू शकत नाही. पण औद्योगिक विवाद कायद्यात कलम १७ब होतं: कामावर घेण्याच्या निवाड्याला मालकाने उच्च न्यायालयात आव्हान दिलं आणि कामगाराला दुसरीकडे पुरेशी नोकरी नसेल, तर प्रकरण चालेपर्यंत शेवटचा पूर्ण पगार दर महिन्याला द्यावा लागतो. तो अर्ज आम्ही पहिल्याच तारखेला दिला. काम न घेता दर महिन्याला १७,५०० द्यायचे, हे दिसल्यावर कंपनीचा सूर बदलला. २०२३ मध्ये तडजोड झाली. मामांनी कामावर परत जाण्याऐवजी एकरकमी पैसे घेतले, ग्रॅच्युइटी निवाड्याने मान्य केलेल्या पूर्ण सेवेवर धरून. रक्कम उघड करायची नाही अशी अट आहे, म्हणून लिहीत नाही. साठ हजारांशी तिची तुलना होत नाही एवढं सांगते. परत जावं असं मला वाटत होतं, पण कंबर त्यांची होती आणि निर्णयही त्यांचा.

आज हेच प्रकरण आलं तर

२१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राने चार कामगार संहिता लागू केल्या. औद्योगिक विवाद कायदा आणि स्थायी आदेशांचा कायदा औद्योगिक संबंध संहिता, २०२० मध्ये विरघळले. मामांच्या कारखान्याला याचा मोठा फरक पडतो. महाराष्ट्रात पन्नास कामगारांपासून स्थायी आदेश लागू होते. संहितेत ही मर्यादा ३०० वर गेली. वाळूज, चिकलठाणा, शेंद्र्यातले कितीतरी लहान-मध्यम कारखाने त्यामुळे बाहेर पडतात. तिथल्या कामगाराला आता नेमणूकपत्रात काय लिहिलंय ते जपून वाचावं लागेल, कारण रजा आणि शिस्तीचे नियम तिथेच असतील. कपातीसाठी सरकारची आधी परवानगी लागण्याची मर्यादाही शंभरावरून तीनशेवर गेली. ऐंशी जणांच्या कारखान्याला ती तेव्हाही लागत नव्हती.

महिन्याची नोटीस आणि वर्षाला पंधरा दिवसांची भरपाई कायम आहे. तिच्या जोडीला कपात झालेल्या कामगारासाठी पुनर्कौशल्य निधीत मालकाने आणखी पंधरा दिवसांचा पगार भरायचा आहे, आणि तो ४५ दिवसांत कामगाराच्या खात्यावर यायचा आहे. वेतन संहितेप्रमाणे राजीनामा असो की बडतर्फी, राहिलेला पगार दोन कामकाजाच्या दिवसांत द्यायचा. 'फुल अँड फायनल' तीन महिने लोंबकळत ठेवण्याची सवय असलेल्या कंपन्यांना हे कलम दाखवायला विसरू नका. मुदतीच्या कंत्राटावर घेतलेल्याला मुदत संपल्यावर कपातीची भरपाई नाही, पण एक वर्ष झालं तरी ग्रॅच्युइटी आहे. कामगार धरण्यासाठी पर्यवेक्षकाची पगारमर्यादा दहा हजारांवरून अठरा हजारांवर गेली. आमच्या शिफ्ट सुपरवायझरला तिचाही उपयोग झाला नसता.

आणि मुदत. समेटाचे ४५ दिवस तेच आहेत, पण काढल्यापासून दाद मागायची तीन वर्षं आता दोन झाली. मामा चौथ्या महिन्यात आले होते, ते आजही मुदतीत बसले असते. गावाकडून तिसऱ्या वर्षी फाइल घेऊन येणारी माणसं मी पाहिली आहेत. जुन्या कायद्यात त्यांच्यासाठी काही करता यायचं. आता अशा फाइली मला हात न लावता परत द्याव्या लागतील.